‘गार्ट डर गेझुंडहाइट’चे वाचन : सातव्या महिन्याची नोंद

पेटर शोफरने 28 मार्च 1485 रोजी माइन्झ येथे छापून पूर्ण केलेल्या ‘गार्ट डर गेझुंडहाइट’, म्हणजे ‘आरोग्याची बाग’, या जर्मन औषधिग्रंथाच्या 435 प्रकरणांपैकी 38 प्रकरणे या महिनाअखेर माझी वाचून झाली. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने उपलब्ध केलेल्या छायाप्रतीवरून मी वाचतो. सुरुवातीला एका पानाला दोन संध्याकाळी लागत; आता एका बैठकीत एक लहान प्रकरण पुरे होते.

हा वेग आला तो अक्षरांवरच्या आडव्या रेघांमुळे. खिळे जुळवणारा कारागीर जागा वाचवण्यासाठी ‘न’ किंवा ‘म’ गाळून आधीच्या अक्षरावर रेघ देत असे, म्हणजे तिचे काम बरेचसे आपल्या अनुस्वारासारखे आहे, आणि हे साम्य एकदा लक्षात आल्यावर मी रेघ ‘सोडवणे’ थांबवून ती सरळ उच्चारू लागलो. लांब ‘स’, म्हणजे जुन्या छपाईतला उंच s, आणि ‘फ’ (f) यांचा घोळ मात्र अजून होतो. ‘झाफ्ट’ (Saft) म्हणजे वनस्पतीचा रस, हा पानोपानी येणारा शब्द मी कित्येक दिवस ‘फाफ्ट’ असा वाचत होतो. ‘फ’ची आडवी दांडी उभ्या रेषेच्या पलीकडे जाते आणि ‘स’ची जात नाही, एवढीच खूण पुरेशी आहे, पण ठसा झिजलेला असला की संदर्भावरच भिस्त ठेवावी लागते. मोडी वाचणाऱ्यांना ही सवय असतेच.

प्रकरणांचा साचा ओळखीचा झाला, हीदेखील मोठी मदत झाली. आधी वनस्पतीचे लॅटिन, ग्रीक आणि अरबी नाव, मग तिची प्रकृती, म्हणजे उष्ण की शीत, कोरडी की ओली आणि कितव्या अंशाची, आणि शेवटी प्लिनी, इब्न सिना अशा जुन्या आचार्यांच्या आधाराने उपचार येतात. फ्रँकफुर्टचे नगरवैद्य योहान फॉन कूबे यांनी हे संकलन लोकभाषेत केले, म्हणून लॅटिन न जाणणाऱ्या घरांतही ते पोहोचू शकले. या ग्रंथाचे खरे मोल मला इथेच वाटते. क्रम लॅटिन नावांच्या फक्त आद्याक्षराने लावलेला आहे, त्यामुळे पहिले प्रकरण आर्टेमिसियाचे आहे. जोतिबाला वाहतात तो आपला दवणा याच कुळातला असल्यामुळे त्या प्रकरणावर मी गरजेपेक्षा जास्त दिवस रेंगाळलो.

पुढच्या महिन्यात मजकूर थोडा बाजूला ठेवून चित्रे पाहायची आहेत. आउग्सबुर्गच्या योहान शोन्सपेर्गरने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत, या ग्रंथाची नक्कल छापली आणि तिच्यासाठी लाकडी ठसे नव्याने, लहान आकारात कोरून घेतले. छापील चित्र जसेच्या तसे लाकडावर उतरवून कोरले, तर छपाईत ते आरशातल्यासारखे उलटे उमटते. तेव्हा कोणती चित्रे उलटली आहेत आणि लहान करताना पानांच्या कडा व मुळे यांतले काय हरवले, हे मी मानवाकृती मुळांच्या अल्राउन (मँड्रेक) या वनस्पतीपासून ताडून पाहणार आहे.