घड्याळ आधी बिघडते की मेंदू?

‘झोप पुरी झाली नाही की अल्झायमर होतो’ असे विधान हल्ली सर्रास ऐकू येते. मला ते अर्धवट वाटते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यात परस्पर ठरवून टाकलेले असते.

झोपेची आणि जागेपणाची वेळ ठरवणारे आपल्या शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० चेतापेशींच्या जोडपुंजक्यात असते आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडानुसार ते रोज लावले जाते. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये या पुंजक्यातील पेशी घटलेल्या आढळतात, म्हणजे आजारच घड्याळ बिघडवतो, असे म्हणता येईल. पण २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात मेंदूतील द्रवातले बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन, जागेपणी वाढते आणि झोपेत उतरते, असे दिसले. तेव्हा उलट दिशेची शक्यताही झटकून टाकता येत नाही.

पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, उदाहरण अधिक बोलके आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत एरवी स्नायू शिथिल असतात. काहींच्या बाबतीत ही शिथिलता नाहीशी होते आणि माणूस स्वप्नातला प्रसंग अंथरुणातच वठवू लागतो: ओरडतो, हात उगारतो, शेजारी झोपलेल्याला लाथा बसतात. अशा १,२८० रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात दरवर्षी सुमारे ६ टक्के जणांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला आजार जडत गेल्याचे आढळले. इथे झोपेने आजार ओढवला असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेकदा तो मेंदूच्या खोडात आधीच शिरलेला असतो, फक्त हाताचा कंप सुरू व्हायचा असतो.

मग घड्याळ सुधारून काही साधते का? नेदरलँड्समधील १२ वृद्धनिवासांतला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. तिथे काही निवासांत दिवसभर सुमारे १,००० लक्सचा (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे माप) उजेड ठेवला गेला, तर काही रहिवाशांना संध्याकाळी मेलाटोनिनची, म्हणजे शरीराला रात्र झाल्याची खूण देणाऱ्या संप्रेरकाची, गोळी दिली गेली. उजेडामुळे बुद्धीची घसरण थोडी मंदावली आणि नैराश्याची लक्षणेही कमी झाली. फरक मोठा नव्हता, घसरण तर थांबली नाहीच. नुसत्या मेलाटोनिनने झोप लवकर लागली, पण मनःस्थिती खालावली; तीच गोळी उजेडाच्या जोडीने दिल्यावर मात्र हा तोटा टळला आणि रात्रीची तळमळही कमी झाली.