जुनी गिटार घरी दुरुस्त होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माळ्यावरची गिटार खाली काढली की लोक तिचा फोटो पाठवतात आणि दोन गोष्टी विचारतात: ही घरी दुरुस्त होईल का, आणि पॉलिश कुठलं मारू? होईल, बहुतेक वेळा होते. पॉलिश मात्र मारू नका.

गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि आवाज मुख्यतः तिच्या थरथरण्यातून येतो. पॉलिश पेपरने ती घासली की लाकूड जातं, ते परत येत नाही. वर लॅकरचा जाड थर चढवला की फळी जड होते, आवाज दबतो. सध्या माझ्याकडे मित्राच्या आईची, तिच्या कॉलेजच्या दिवसांतली गिटार आहे. भोकाजवळ तिच्या नखांनी पॉलिश पार उडालंय. तिथे मी ओल्या फडक्यापलीकडे काही लावणार नाही. ते तिचं वाजवणं आहे.

खरा आजार बहुधा ताणाचा असतो. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढतात. वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली गिटार ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे फळीवर तारा अडकवलेली लाकडी पट्टी) फुगते, मान पुढे झुकते, तारा उंच जातात आणि बोटं सोलतात. त्यामुळे आधी तारा सैल करा. ब्रिजची मागची कड उचलली गेली असेल तर झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. जुन्या सुतारांचा सरस वापरा. तो उष्णतेने आणि वाफेने सुटतो, म्हणजे उद्या कुणाला ते काम नीट करायचं असेल तर वाट मोकळी राहते. घरच्या दुरुस्तीत मी हा एकच नियम कडक पाळतो: जे उलटवता येत नाही, ते करायचं नाही.

फ्रेटबोर्डवरचा, म्हणजे मानेवर बोटं दाबतो त्या पट्टीवरचा, काळा मळ जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडा, मग तेलाचा अगदी हलका हात. फ्रेटबोर्ड शिसवीचा निघाला तर जपा. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झाल्यावर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडचं हेच लाकूड धरलं.

मोजमाप मात्र पावसाळ्यात करू नका. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ऐंशीच्या वर असते, फळी फुगते आणि तारा आपोआप वर जातात. दिवाळीनंतर बघा. लांब सरळ पट्टी फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्यांवर, ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर ठीक. ब्रिजच्या अंगावरच आपटलं तर मान काढून नव्या कोनात बसवावी लागेल. ते काम कारागिराचं, तिथे थांबा.

बाकी ठीक असेल तर एक्स्ट्रा लाइट, म्हणजे जास्त पातळ, तारा चढवा, त्यांचा ताण कमी असतो. काही दिवस सुरात राहू द्या आणि मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, खालच्या बाजूने घासा, थोडं थोडं. सॅडल एक मिलिमीटर उतरलं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटरच उतरते.