थर फाटला नव्हता

मे महिन्यात वडोदऱ्यातली आमची प्रयोगशाळा दुपारी तापली की द्रव प्रसरण पावून काचपात्रातले आंतरपृष्ठ, म्हणजे दोन द्रवांमधली सीमा, जागेवरून सरके, म्हणून त्या दिवशी मी दांडिया बाजारातल्या घरून सकाळी सातलाच निघाले. पात्रात वर लिथियम क्लोराइडचे पाणी होते आणि खाली, पाण्याहून जड असलेल्या डायक्लोरोइथेनमध्ये, एक सेंद्रिय क्षार व अंड्याच्या बलकातले लेसिथिन विरघळवलेले होते. प्रत्येक द्रवात एक संदर्भ इलेक्ट्रोड आणि एक प्रवाह वाहणारा, असे चार इलेक्ट्रोड लावून मी सीमेवरचा विभव (विद्युतदाब) बदलत धारिता, म्हणजे सीमेची विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजत होते.

लेसिथिनचा रेणू डोके पाण्यात आणि दोन शेपट्या तेलात, म्हणजे डायक्लोरोइथेनमध्ये, ठेवून सीमेवर उभा राहतो. असा एकपदरी थर जमला की दोन्ही बाजूंचे आयन एकमेकांपासून दूर राहतात आणि धारिता घटते. पाण्याची बाजू ऋण असताना तशी ती घटलीही. परंतु विभव धन बाजूला नेताच ती चढू लागली आणि बघता बघता लेसिथिन नसलेल्या सीमेइतकी झाली. थर फाटला, असे धरून मी पात्र उघडले, काच धुतली, पिचकारीने सीमा केशनळीच्या खुणेवर आणली आणि पुन्हा तेच घडताना पाहिले. असे तीनदा झाले.

मॅडमनी आलेख पाहून एवढेच विचारले, "अगं, विभव मागे आणून पाहिलास का?"

पाहिला नव्हता, आणि हा आळस नव्हे, स्वतःच्या निदानावरचा फाजील विश्वास होता. विभव परत ऋण बाजूला आणला तेव्हा धारिता मुकाट्याने खाली आली. फाटलेला थर असा आपोआप सांधला गेला नसता. लेसिथिनचा रेणू एरवी एकंदर विद्युतभाररहित असतो, परंतु त्याच्या डोक्यातल्या फॉस्फेटला पाण्यातला धन आयन चिकटला की ती जोडी धनभारित होते; मग धन विभव तिला तेलात ढकलतो आणि सीमा उघडी पडते. जिरो आणि शिफ्रिन या संशोधकांनी १९८४ सालीच याच दोन द्रवांच्या सीमेवर फॉस्फॅटिडिलकोलिनचे, म्हणजे लेसिथिनमधल्या मुख्य रेणूचे, अधिशोषण (पृष्ठावर जमून राहणे) तपासले होते. तो निबंध माझ्या टेबलावर होता, हे सांगायला आजही संकोच वाटतो.

संध्याकाळी पाण्यात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाहिले. आता फॉस्फेटला प्रोटॉन चिकटत असल्याने थर कमी धन विभवालाच निघून गेला. वहीत सकाळपासून तीन वेळा 'पात्र खराब' असे लिहिलेले होते. ते न खोडता प्रत्येकासमोर मी धारिता ज्या विभवाला चढू लागली तो आकडा लिहिला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच होते.