हापूसचा पुतळा

लिस्बनमध्ये बिऱ्हाड थाटून चार वर्षं झाली. त्यातलं निदान एक वर्ष मी बेलेंच्या मनोऱ्यासमोर पाहुण्यांचे फोटो काढण्यात घालवलं असावं. पाहुणे पुण्याहून येताना यादी घेऊनच येतात, आणि यादी सगळ्यांची एकच. मनोरा, जेरोनिमुशचा मठ, अठ्ठावीस नंबरची ट्राम, सांता जुश्ताची लिफ्ट. लिफ्ट १९०२ची, उंची पंचेचाळीस मीटर, आणि रांग बघून परत फिरावं अशी. मी ती खालूनच दाखवते आणि चढ चढवून पाहुण्यांना कार्मोच्या मठात नेते. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते आजतागायत पूर्ण झालेलं नाही. कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर थेट आभाळ. ट्रामचं म्हणाल तर सकाळी सातला पकडा, नाहीतर तिचा फोटो विकत घ्या.

गेल्या मे महिन्यात मावशी आली ती यादीशिवाय. साडीखाली स्पोर्ट्‌स शूज घालून आली, आणि शहाणपणाचं केलं. इथले फुटपाथ म्हणजे मुठीत मावतील एवढे चुनखडीचे पांढरे-काळे चौकोनी दगड, एकेक हातानं बसवलेले. दिसायला रांगोळी, पण पावसाची सर आली की शेवाळलेला घाट. पहिल्याच वर्षी मी त्यावर साष्टांग नमस्कार घालून चुकलेय.

पहिल्या सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ही कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन आली. हातात कागदी पिशवी, पिशवीत चार गरम पापुसेकु. मधोमध चीर असलेला, वरून कडक, आतून मऊ.

"भाषा येत नाही, मग मागितलंस काय?"

"पाव म्हटलं आणि चार बोटं दाखवली. त्यानं दिले. न कळायला काय झालं?"

तो नाकातून 'पाँव' म्हणतो, एवढाच काय तो फरक. मग मावशीला छंदच लागला. मंडईत पाटीवर 'बटाटा', पुढे 'कोव' म्हणजे आपली कोबी, त्याच्या शेजारी अननस. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर 'शाव्‌श', म्हणजे चावी. जुन्या वस्तूंच्या दुकानाबाहेर 'लैलांव' वाचून दाखवलं, तर म्हणाली, "लिलाव आहे का आज?" खरंच होता. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामपेक्षा त्या पाट्यांना आमचा जास्त वेळ गेला.

जेरोनिमुशच्या मठात वास्को द गामाच्या थडग्यापाशी ती फार थांबली नाही. "१४९८, कालिकत. एका मार्काचा," एवढं म्हणून पुढे. बेलेंच्या मनोऱ्यावर मात्र मी तिला गेंडा शोधायला लावला. एका बुरुजाच्या बुडाशी कोरलाय. गुजरातच्या सुलतानानं दिलेला खराखुरा गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजानं लिस्बनला आला, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकारानं तर तो न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि दुसऱ्या कुणाच्या रेखाटनावरून चित्र काढलं, आणि पुढे कित्येक वर्षं युरोपभर तोच गेंडा खरा मानला गेला. राजानं मग तो पोपला नजराणा म्हणून धाडला. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जनावर साखळदंडात. मावशी "अगं आई गं" म्हणाली आणि वर बघत राहिली. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजलाय, नाक नाही, शिंग नाही. "विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा शाडूचा गणपती दिसतो तसा दिसतोय बिचारा."

परतताना एका बागेत उंच खांबावर दाढीवाला पुतळा दिसला. ही बाग कुणाच्याच यादीत नसते. कोण म्हणून विचारल्यावर सांगितलं, "अफोंसु द अल्बुकर्क. १५१० साली गोवा घेतला तो. फार कत्तल केली." जरा थांबून म्हटलं, "आणि अफोंसुचा आफूस, आफूसचा हापूस. कलमं बांधली पोर्तुगीजांनी, नाव पडलं ह्याचं."

मावशी कमरेवर हात ठेवून थांबली. एवढ्या मधुर फळाला असल्या माणसाचं नाव, हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"देवगडचा नाही वाटत," ती म्हणाली. "चल, ट्राम येईल."