न फोडलेला रोडगा

मी आचारी आहे. वाशिम, हिंगोली, बुलढाणा या पट्ट्यात रोडग्यांच्या पंगतींची कामं घेतो. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आगीत भाजलेला कणकेचा थरांचा गोळा. वरण आणि वांग्याची भाजी पोरं सांभाळतात, आगीजवळ मात्र मी स्वतः असतो. तरीही माघातल्या एका शनिवारी, रिसोड तालुक्यातल्या एका गावात, माझ्या आगीतून मारुतीपुढे कच्चा रोडगा गेला.

नवस एका आजीचा होता. नातू मोठ्या दुखण्यातून उठला होता. दोनशे माणसं, चाळीस किलो कणीक, म्हणजे साधारण चारशे रोडगे.

गहू जाडसर दळलेले, त्यात ओवा, जिरं, हळद, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. कणीक घट्ट. तळहाताएवढ्या पाऱ्या लाटून, तेलाचा हात फिरवून तीन-चार एकीवर एक ठेवायच्या आणि शेवटच्या मोठ्या पारीत सगळं मिटून गोळा करायचा. वाफ या थरांमधून फिरते, म्हणून एवढा जाड गोळा मधोमध शिजतो. हल्ली काहीजण थर न करता नुसते गोळे वळतात, भट्टीत भाजतात आणि रोडगे म्हणून वाढतात. लोक खातात, याचं मला वाईट वाटतं.

सगळा जीव गोवऱ्यांत असतो. रचून पेटवायच्या, धूर पुरता जाऊ द्यायचा. लाल आर, म्हणजे निखारा पडला की त्यावर रोडगे मांडून फिरवत राहायचं. तांबूस डाग आले, अंगाला भेगा गेल्या की फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत पुरायचे. खरं शिजणं तिथे होतं, अर्धा-पाऊण तास. गोवरीची आच मंद आणि चहूबाजूंनी सारखी. बाभळीच्या निखाऱ्यावर वरची पारी पाहता पाहता काळी पडते, आत कणीक तशीच राहते.

हे ठाऊक असून मी त्या दिवशी बाभूळ घातली.

गावात आता बैलच राहिले नाहीत, गोवऱ्या विकत आणाव्या लागतात. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस झाला होता. विकणाऱ्याने भिजलेला माल दोन दिवस उन्हात टाकून दिला असावा. वरून खडखडीत. मी चार-पाच मोडून पाहिल्या, काडकन मोडल्या. त्या वरच्या थरातल्या होत्या. ढिगाच्या तळाच्या मी मोडून पाहिल्याच नाहीत. पेटवल्यावर आर पडेना, नुसता धूर. डोळे उघडे ठेववत नव्हते.

तेवढ्यात यजमान आले. "महाराज, किती येळ लागते अजून? साहेब येऊन बसले." पुढाऱ्याच्या वेळेवर नवसाची पंगत बसवायची ही नवी रीत झाली आहे. चुलीला साहेब कळत नाही. पण मी घाबरलो आणि बाभळीची लाकडं आत सरकवली. दहा मिनिटांत रोडग्यांवर असा रंग आला की पोरांनी फोटो काढले.

पहिल्या घाण्यातले पाच नैवेद्याला गेले. एरवी मी प्रत्येक घाण्यातला एक फोडून मधला थर बोटांनी उकलून बघतो. नैवेद्याआधी मात्र कोणी काही फोडत नाही, चाखत नाही. रोडगा अख्खा जायला हवा.

आरती झाली तसा मी एक फोडला. वरचे दोन थर सुटले, मधला गोळा बोटाला चिकटला.

पंगत थांबवली. यजमान चिडले, साहेब न जेवता गेले. सगळे रोडगे चार-चार फाकी करून, तोवर जेवढा आर धरला होता त्यावर लोखंडी जाळी टाकून पुन्हा भाजले, तुपात बुडवून वाढले. दीड तास गेला. लोक पोटभर जेवले, कुणी बोट ठेवलं नाही. त्या कामाची मला लाज नाही.

त्या पाचांचं काय करायचं, हे मात्र सुचलं नाही. देवळात गेलो तोवर आजी प्रसाद वाटत होत्या. मधला चिकट भाग त्यांच्या हातात होता. तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि नातवाला कडेचा खरपूस तुकडा दिला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोड लागला बाप्पा." त्यांना कळलं होतं का, मी विचारलं नाही. सांगितलंही नाही.

तेव्हापासून दोन कामं झाली. दोन्हीकडे आधीच घरातल्या मोठ्या बाईला विचारलं, नैवेद्याआधी एक फोडून बघू का, चाखणार नाही. एक म्हणाली, "फोड नं, देवाले कच्चं देतं काय?" दुसरी म्हणाली, "फोडला का तो घाणाच उष्टा." तिच्याकडे मी फोडला नाही. पाऊण तासाऐवजी सव्वा तास फुफाट्यात ठेवले आणि आरती संपेपर्यंत देवळाच्या पायरीवर उभा राहिलो.

येत्या शनिवारी पुन्हा नवसाचंच काम आहे. गोवऱ्या उतरवून घेतल्यात, तळाच्या आधी मोडल्या.