चिंगी अपडेट: लँकशायर हीलर, दहावा महिना

मंडळी, आमच्या चिंगी कुत्रीची उंची साधारण दहा इंचांवर थांबलीये, म्हणजे जातीच्या स्टँडर्डमध्ये (ठरलेल्या मापात) मादीसाठी असते तेवढीच, आणि कानही एकदाचे उभे राहिले! नवीन लोकांसाठी, ही इथलीच, इंग्लंडच्या वायव्य भागातली गुरं हाकणारी जात, वेल्सहून ऑर्म्सकर्कच्या बाजाराला गुरं यायची त्यांच्याबरोबर आलेली कोर्गीसारखी कुत्री आणि इथले मँचेस्टर टेरिअर यांच्यातून झाली असं मानतात. केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जाती नोंदवणारी ब्रिटिश संस्था) मान्यता 1981 ची, पण वर्षाला 300 पिल्लंसुद्धा नोंदली जात नाहीत म्हणून धोक्यातल्या ब्रिटिश जातींच्या यादीत आहे.

आता घोटे चावण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. हा वात्रटपणा नाहीये हो, ते तिचं काम आहे. गाय रेंगाळली की मागच्या पायाला खाली झटकन चावा घ्यायचा आणि लगेच जमिनीला चिकटायचं, लाथ वरून निघून जाते. आमचा लेक पळाला की हिचं तेच सुरू, आणि ओरडलं की अजून चेव येतो. म्हणून डोकं खाली घालून घोट्यावर नजर लावली की त्याच क्षणी मी "टच" म्हणते, माझ्या हाताला नाक लावलं की चीजचा तुकडा, आणि लेकाने जागच्या जागी थांबायचं. चावा घेऊन झाल्यावर सांगून उपयोग नाही, नजर लागते तेव्हाच पकडायचं. आता बऱ्याचदा स्वतःच वळून माझ्या हाताकडे बघते, फार भारी वाटतं!

ब्रशिंग आठवड्यातून एकदा पुरतं. वजन मात्र सांभाळा, खादाड जात आहे आणि पाय आखूड.

डोळ्यांचं नीट वाचा. पिल्लू घेताना आईबाबांच्या पीएलएल (प्रायमरी लेन्स लक्सेशन) आणि सीईए (कॉली आय अ‍ॅनोमली) या डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांच्या डीएनए टेस्ट बघाच. पीएलएलमध्ये डोळ्यातली लेन्स जागेवरून सरकते, डोळा अचानक लाल, गढूळ झाला किंवा मिटूनच धरला तर सकाळची वाट न बघता व्हेटकडे पळायचं, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. पण कॅरियर (एकच सदोष जीन असलेला) कुत्रा दिसला की लगेच बाद करू नका, क्लिअर (सदोष जीन नसलेला) जोडीदार असेल तर त्या पिल्लांना दोन सदोष जीन मिळत नाहीत, आणि एवढ्या छोट्या जातीत सगळे कॅरियर काढून टाकले तर उरलेली आपापसातच नात्यातली होतील.

सध्या लांब दोरी लावून रिकॉल (हाक मारली की परत येणं) चाललंय, गायी लांबवर दिसत असताना. ते पक्कं झालं की सेंटवर्क, म्हणजे वासावरून वस्तू शोधणं.