तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चरला पैसे घालू नका असं मी का म्हणते

हळदीकुंकवाला जा नाहीतर उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात, कुणाला भेटायला जा, मला प्रश्न एकच येतो. महाराजांवर एवढ्या कादंबऱ्या आहेत, एखादीवर भव्य अॅनिमेशन पिक्चर काढायला आपल्याच बेळगावातले चार लोक पैसे घेऊन तयार आहेत, आणि तू एवढी वर्षं पुण्यात अॅनिमेशन स्टुडिओची अकाउंट्स बघितलीस तर तूच नको का म्हणतीस? २०२५ ला ‘महावतार नरसिंह’ हा अॅनिमेशन पिक्चर चालल्यापासून तर हे जास्तच झालंय. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, लोक मान डोलावतात आणि निघताना परत म्हणतात, “तरी पण बघ की गे.” म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे मला महाराजांबद्दल आस्था नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका, ते फार लागतं. मला तो पिक्चर बघायचाय. तुमची फौंड्री, लोखंड ओतायचा कारखाना, त्यासाठी गहाण पडलेली बघायची नाहीये, एवढंच.

तुमचा सगळ्यांचा मोठा आधार काय, तर पुस्तक घराघरात आहे म्हणजे प्रेक्षक आयता. पण डिस्नेचा ‘जॉन कार्टर’ हा इंग्रजी पिक्चर ज्या पुस्तकावरून काढला ते टारझनवाल्या एडगर राइस बरोजचं, म्हणजे नावाला काही कमी नव्हतं. २०१२ ला तो आला, खर्च २५ कोटी डॉलरच्या आसपास, आणि रिलीजनंतर दोन आठवड्यांच्या आत डिस्नेने जाहीर केलं की यात साधारण २० कोटी डॉलरचा फटका बसणार. बरं, जगभरात शेवटी तिकिटं तर त्या २५ कोटींपेक्षा जास्तीची विकली गेली! पण तिकिटाचा जवळपास अर्धा पैसा थिएटरवाल्याकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेलाच नसतो, हे पेपरातले कोटी वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. ‘द गोल्डन कंपास’चं तर अजून वाईट, तोही कादंबरीवरचा, २००७ चा, खर्च १८ कोटी डॉलर. अमेरिकेत ७ कोटी आले आणि बाहेर ३० कोटी, पण बाहेरचे हक्क तो काढणाऱ्या न्यू लाइन कंपनीने पैसा उभा करायला आधीच विकून टाकलेले, म्हणजे पिक्चर जिथे चालला तिथली कमाई दुसऱ्यांची. पुढच्याच वर्षी ती कंपनी वॉर्नरमध्ये विलीन झाली. आमचे मामाही पैसे घालायला निघालेत, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले ते अमेरिकेचं झालं, आपलं वेगळं असतंय. मग आपलं सांगते.

आमच्या स्टुडिओत एका परदेशी पिक्चरचं काम होतं, मुलांच्या पुस्तकावरून काढलेला. काम फिक्स्ड बिडवर, म्हणजे रक्कम आधी ठरलेली, शॉट फायनल झाला की बिल लावायचं. जंगलातला एक पाठलाग होता रात्रीचा, आमच्या पोरांनी तो पूर्ण करून दिला, आणि मग तिकडून निरोप आला की हा पहाटेचा हवा. ऐकायला एवढंच. पण पहाट म्हणजे प्रत्येक शॉटचं लायटिंग नवं, रेंडर नवं, म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक चित्र परत काढायचं, आणि अंधारात लपलेलं त्या प्राण्याचं ओलं अंग आता उजेडात दिसणार म्हणून केसांचं सिम्युलेशनही, म्हणजे केस कसे हलतात-चिकटतात ते, नवं. शॉट फायनल नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून पैसा नाही, पगार मात्र एक तारखेला द्यायचेच, रेंडरच्या मशीन रात्रंदिवस चालू, त्यांच्या एसीचं लाइट बिल वेगळं. माझ्या शीटमध्ये बँकेच्या ओडीची, म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या उसन्या पैशाची, लिमिट कुठल्या महिन्यात संपते ते स्वच्छ दिसत होतं. फ्लोअरवर ते कुणालाच माहीत नव्हतं आणि बोलायचं नाही अशी वरून ताकीद.

खानापूरकडचा एक पोरगा लायटिंगला होता, त्याचा बायोडेटा मीच पुढे दिलेला. तो माझ्या टेबलापाशी आला, फ्लॅट बघितला होता, बँकेला सॅलरी सर्टिफिकेट हवं होतं. “ताई, सरांची एवढी सही घेऊन द्या की.” सर्टिफिकेटात खोटं काहीच नव्हतं, पगार तेवढाच होता. मी प्रिंट काढली आणि हातातच धरून बसले. म्हटलं, टोकन आत्ता देऊ नको. का म्हणाला. म्हटलं, नको देऊ, एवढं ऐक. त्याला वाटलं त्याच्या कामाबद्दल कुणीतरी तक्रार केलीय आणि मी ते लपवतीय. काम तर त्याचं अख्ख्या फ्लोअरवर सगळ्यात चांगलं होतं, आणि तेही मी त्याला नीट पटवून सांगू शकले नाही, कारण मग पुढचा प्रश्न आला असता. नंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मग पगार अर्धे झाले, मग थांबले, मग लायटिंगचा फ्लोअरच बंद केला. यादी मी टाइप केली: नाव, एम्प्लॉयी कोड, शेवटचा दिवस, देणं बाकी. देणं बाकीच्या कॉलमात त्याच्या नावापुढे जो आकडा होता तो अजून माझ्या डोळ्यासमोर आहे आणि तो त्याला कधी मिळाला का हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. पिक्चर आला, पहाटेच्या सीनचं कौतुकही झालं.

आमचा स्टुडिओ छोटा म्हणून असं झालं म्हणाल, तर ‘लाइफ ऑफ पाय’ घ्या. कादंबरीवरचाच, १२ कोटी डॉलर खर्च आणि ६० कोटींच्या वर धंदा. त्यातला वाघ कॉम्प्युटरवर बनवणाऱ्या रिदम अँड ह्यूज स्टुडिओने २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्याच कामाला ऑस्कर मिळालं. म्हणजे पिक्चर चालला तरी तो बनवणारे वाचतीलच असं नाही. उद्यमबागेतल्या लोकांना मी एवढंच म्हणते, तुमचं कास्टिंग रिजेक्ट झालं तर परत भट्टीत टाकता, निदान लोखंड तरी सुटतं. फेकलेल्या शॉटातून काय सुटणार?

पुण्याला पहिल्यांदा गेले तेव्हा मीच सगळ्यांना सांगायची की गोष्ट चांगली असली की पैसा येतोच. आता तसं म्हणवत नाही. पण त्या वेळची मी समोर येऊन बसली तर विचारेल, की सगळ्यांनीच तुझं शीट बघितलं असतं तर कुठला मोठा पिक्चर निघाला असता? आणि ‘नरसिंह’ तर अॅनिमेशन असून ३०० कोटी रुपयांच्या वर गेला, आपल्या बेळगावात लोकांनी पोराबाळांना घेऊन तो कन्नडमध्ये बघितला, हिंदीत बघितला. तो निघायच्या आधी माझ्याकडे हिशोबाला आला असता तर मी नकोच म्हटलं असतं, आणि माझ्या मते तो सल्ला तेव्हाही बरोबरच ठरला असता, तुम्हाला पटो न पटो. तरी तो अनेक भाषांत आला हे विसरू नका, तुमचा एकट्या मराठीवर कसा भागणार ते मला अजून कुणी कागदावर दाखवलेलं नाही.

मामा परवा परत आले होते, घराचे कागद घेऊनच. मी म्हटलं, आधी फक्त स्क्रिप्ट आणि अॅनिमॅटिक करा, म्हणजे साध्या चित्रांवर आवाज लावून अख्खा पिक्चर बघायचा, बदल काय करायचे ते तिथेच करायचे, आणि तेवढ्याला बुडाले तरी चालतील एवढेच पैसे काढा. मामा म्हणाले असल्या चित्रांवर कोण पैसे घालणार गे, लोकांना भव्य दिसायला पाहिजे. त्यांचंही चूक नाही. आमचं तिथेच अडलंय.